आक्कानं उघडं ठेवलेलं चर्च

गावात त्यांना सगळे वायरमन म्हणत. वीज कंपनीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कुणाच्या घरचा फ्यूज उडाला की आधी त्यांची आठवण व्हायची, मग कंपनीची. माणूस हाडाचा कामसू, जिभेचा तिखट आणि देवाधर्माच्या बाबतीत कोरडा ठणठणीत. "माझा विश्वास फक्त अर्थिंगवर," असं ते चारचौघांत म्हणत. त्यावर त्यांची थोरली बहीण म्हणे, "मग तुझं नि देवाचं जमेल. तोही दिसत नाही, आणि नसला की मगच कळतं."

ही थोरली बहीण म्हणजे आक्का. तिनं लग्न केलं नाही. जन्मभर गावात सायकलवरून टपाल वाटलं. कुणाच्या दाराची कडी कशी उघडते, कुणाचा कुत्रा भुंकतो आणि कुणाचा चावतो, हे तिला अजून पाठ होतं. टपाल कचेरी बंद झाली, सायकल अडगळीत गेली, तेव्हा आक्कानं चर्च सांभाळायला घेतलं. झाडायचं, बाकं पुसायची, खिडक्यांच्या रंगीत काचांवरची जळमटं लांब काठीनं काढायची, आणि रविवारी दार उघडून बसायचं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. एरवी उपासनेला आक्का, सुतारीण आजी आणि दूधवाल्याची आई. तिघी मिळून गाणी म्हणत. सुतारीण आजींना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या एक ओळ मागे असत. आक्का त्यांच्यासाठी थांबे.

चर्च गावाच्या बरोबर मध्यावर, जरा उंचावर. शेकडो वर्षांचं दगडी बांधकाम. हातभर जाड भिंती, उंच कमानी आणि गारठा असा, की भर उन्हाळ्यात आत गेलं तरी शाल हवी. बाहेरून येणारे लोक फोटो काढत आणि म्हणत, काय सुंदर आहे. गावातलेही म्हणत. आत मात्र कुणी फिरकत नसे.

एके दिवशी चर्चच्या वरच्या संस्थेचा निरोप आला. तिघींसाठी एवढी इमारत चालवणं जमणार नाही, वर्षभरात गावानं काही मार्ग काढला तर ठीक, नाहीतर विकून टाकू. एका शहरी गृहस्थानं चौकशीही केली होती. त्याला त्यात सुट्टीतलं घर करायचं होतं.

सभा चर्चमध्येच भरली. दुसरी जागाच नव्हती. शाळा आधीच बंद पडली होती, आणि किराणा दुकानदाराची पाठ धरल्यापासून दुकानालाही कुलूप होतं. काडेपेटी हवी असली तरी बस पकडून शहर गाठावं लागे, आणि बस तिच्या मर्जीनं यायची. डॉक्टर तर शहरातच. गाव कसं हळूहळू उसवत चाललं होतं, धाग्याधाग्यानं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण बोलून दाखवायला कुणी तयार नव्हतं.

आक्का उठली. तिच्याबरोबर संस्थेनं पाठवलेल्या आर्किटेक्टबाई होत्या, बुटक्याशा, पायात मातीनं भरलेले बूट. आक्का म्हणाली, "मी काही भाषण करत नाही. दुकान नाही, डॉक्टर नाही, लहान पोरांना खेळायला नि म्हाताऱ्यांना टेकायला जागा नाही. इथे भिंती आहेत, छप्पर आहे. बाकं काढली तर सगळं मावतं. वेदीची बाजू उपासनेला राहू द्यावी. बाकीचं गावानं वापरावं."

त्यावर जो गलका उठला, त्यानं कमानीतली कबुतरं उडाली. निवृत्त मास्तर म्हणाले, "म्हणजे देवाच्या घरात साबण विकणार?" कुणी म्हणालं, आमच्या आजोबांचं नामकरण इथे झालं. कुणी म्हणालं, वारसा आहे वारसा. जे गेली कित्येक वर्षं आत आले नव्हते, त्यांचाच आवाज सगळ्यांत वर होता. आणि त्यांतही वर होता तो वायरमनचा.

"बाकांना हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे," ते म्हणाले. "माझं लग्न इथे लागलं. हिला शेवटचं इथूनच नेलं. तुम्हाला दुकान काढायचं तर माझ्या ओसरीवर काढा. इथलं काही हलणार नाही."

बायको गेल्यापासून त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती. आज पहिल्यांदाच. आक्काला ते ठाऊक होतं. ती सगळ्यांचं ओरडून होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बाकं राहावीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

जवळजवळ सगळेच हात वर गेले.

"छान झालं," आक्का म्हणाली, आणि ती खरंच खूश दिसली. "मग येते चार रविवार येऊन त्यांच्यावर बसा. प्रार्थनेची सक्ती नाही. गाणं म्हणू नका, डोळे मिटू नका, नुसते बसा. चौथ्या रविवारी बाकं भरलेली असली, तर मी या बाईंना सांगेन की तुमचे कागद गुंडाळा. मान्य?"

नाही कसं म्हणणार? सगळ्यांनी मान्य केलं. घरी जाताना वायरमन मनात म्हणाले, आक्का आज चांगलीच अडकली.

पहिल्या रविवारी अर्ध्याहून जास्त चर्च भरलं. सुतारीण आजी इतक्या हरखल्या की चक्क एक ओळ पुढे गेल्या. पण गारठा. तो जमिनीतून वर यायचा, बुटांतून पायांत, पायांतून गुडघ्यांत. उपासना संपायच्या आत लोक तळहातांवर फुंकर मारू लागले. दुसऱ्या रविवारी मास्तरांना खोकला झाला. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची गाय व्यायला झाली. तिसऱ्या रविवारी मागची बाकं पुन्हा रिकामी. आक्का कुणाला काही म्हणाली नाही. रस्त्यात भेटणाऱ्याला पूर्वीसारखंच "काय, बरंय ना?" विचारत राहिली. तेच लोकांना जास्त लागलं.

वायरमन मात्र चारही रविवार आले. दिलेला शब्द म्हणजे टाकलेली लाइन, मध्येच तोडायची नाही, असा त्यांचा खाक्या. पहिले तीन रविवार ते बसले नाहीतच. बाजूच्या दाराशी, मेन स्विचच्या बोर्डाजवळ उभे राहिले. ती त्यांची जुनी जागा. बायकोबरोबर यायचे तेव्हाही ते तिथेच उभे असत. "लोड वाढला तर कुणीतरी जवळ हवं," असं सांगत, आणि संधी मिळाली की विडी ओढायला दाराबाहेर. बायको तिच्या ठरलेल्या जागी बसे, खांबालगतच्या बाकाच्या टोकाला. तिचा एक पाय अधू होता. खांबाला काठी टेकवता येते म्हणून ती तिथे बसते, असं वायरमननी धरून चाललं होतं. विचारलं कधी नाही.

चौथ्या रविवारी त्या तिघी आणि वायरमन. बस्स. एवढं मोठं चर्च, आणि उभं राहणं विचित्र वाटू लागलं, जणू रिकाम्या घरात आपण दाराआड लपलो आहोत. ते आत गेले, आणि पाय आपोआप त्या खांबाकडे वळले. बायकोच्या जागी बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले. आणि सहज मान वळवली.

खांबाच्या आणि भिंतीच्या मधून एक अरुंद फट दिसत होती. त्या फटीतून बाजूचं दार, आणि दाराशेजारचा बोर्ड. दुसरं काही नाही. वेदी तर त्या जागेवरून धड दिसतही नव्हती, निम्मी खांबाआड. त्यांनी हातभर सरकून पाहिलं, तर बोर्ड दिसेनासा झाला. परत टोकाला आले. दिसला.

पुढे तिघींचं गाणं चाललं होतं. संपेपर्यंत वायरमन हलले नाहीत. मग आक्का गाण्याची पुस्तकं गोळा करत त्यांच्याजवळ आली.

"इथून वेदी दिसत नाही," ते म्हणाले.

"नाहीच दिसत."

"मग ती इथे का बसायची?"

आक्कानं भावाकडे पाहिलं. "अरे, तुला काय वाटलं, काठी टेकवायला? काठी कुठेही टेकवता येते. मी एकदा म्हटलं, वहिनी, पुढे बसा, पाळकांचं नीट ऐकू येईल. तर म्हणाल्या, ऐकायला इथूनही येतं, आणि मला जे बघायचं ते इथूनच दिसतं."

वायरमननी रुमाल काढून नाक शिंकरलं. "थंडी फार आहे," ते म्हणाले.

"आहेच," आक्का म्हणाली. "म्हणून तर लोक येत नाहीत."

रुमाल घडी करून खिशात गेला. मग वायरमननी विचारलं, "त्या बाईंनी वायरिंगचा काय विचार केलाय?"

काम सुरू झालं तेव्हा त्यांना आर्किटेक्टबाईंची खरी ओळख झाली. आधी त्यांच्या मनात बाईंविषयी अढी होती. शहरातून येतील, दोन रेघा मारतील आणि जातील. पण बाई शिडीवर माकडासारख्या सरसर चढत. पहिले कित्येक दिवस त्यांनी काहीच तोडलं-जोडलं नाही. नुसत्या फिरत राहिल्या. सकाळचं ऊन कुठल्या काचेतून कुठे पडतं, वारा कुठून येतो, ओल कुठल्या कोपऱ्यात धरते, हे बघत. दगडावर हात ठेवून उभ्या राहत, आजारी माणसाचं अंग तापलंय का बघावं तशा.

"काका, माझा एकच नियम," त्या म्हणाल्या. "दगडात खिळा मारायचा नाही. एकसुद्धा. उद्या कुणाला आपलं सगळं काढून टाकावंसं वाटलं, तर चर्च जसंच्या तसं मिळालं पाहिजे."

"मग वायरी काय हवेतून नेऊ?"

"ते तुम्ही सांगायचं. मला विजेतलं तेवढं कळत नाही."

ही भाषा वायरमनना समजली. त्यांनी रात्रंदिवस डोकं खाजवलं.

बाईंची कल्पना अशी होती, की चर्चच्या पोटात लाकडाचं आणि काचेचं एक घर उभं करायचं. भिंतींना न टेकता, स्वतःच्या पायांवर. त्याचं छत बुटकं आणि काचेचं, म्हणजे ऊब आतच राहील आणि मान वर केली की जुन्या कमानी तशाच दिसतील. एका अंगाला दुकान, एका अंगाला डॉक्टरची खोली, मध्ये मोकळी जागा. वेदीची बाजू आहे तशी, मध्ये सरकतं लाकडी दार. वायरमननी सगळ्या वायरी लाकडी चौकटींच्या पोटातून नेल्या, जमिनीलगतच्या पट्टीमागून फिरवल्या, आणि दगडाला कुठे धक्का लागू दिला नाही. बाईंनी एके संध्याकाळी सगळीकडे हात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, वायर आहे कुठे?" वायरमन त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेले.

बाकांचं काय करायचं, ते गावच्या सुतारानं ठरवलं. जुनं लाकूड, तासलं की आतून मधासारखा रंग. त्यातून दुकानाची फळी झाली, मुलांसाठी बुटकी टेबलं झाली, डॉक्टरकडे थांबणाऱ्यांसाठी पाठ असलेली आसनं झाली. खांबाजवळच्या बाकाशी येऊन सुतार थबकला. ती जागा कुणाची, हे त्यालाही कुठून तरी कळलं होतं. "हे ठेवू का बाजूला?" त्यानं विचारलं.

वायरमन शिडीवर होते. "का? त्याला वाळवी लागलीये?"

"नाही, म्हटलं तुमचं..."

"इतरांसारखंच ते. काप." आणि ते परत कामाला लागले. आक्का जवळच होती. तिनं चहाचा कप शिडीच्या पायरीवर ठेवला.

बाक सोपं होतं. बोर्ड अवघड गेला. बाजूच्या दारातून चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा होता, म्हणून भिंत मोकळी हवी होती. जुना बोर्ड काढून नवीन दुसरीकडे बसवायचा. काम एका सकाळचं. वायरमन चार दिवस टाळत होते. आज पेचकस सापडत नाही, उद्या पाऊस दिसतोय. शेवटी एका सकाळी लवकर आले, वीज बंद केली, आणि एकेक स्क्रू स्वतःच्या हातानं काढला. बोर्ड खाली उतरला. मागचा दगड इतर भिंतीपेक्षा उजळ निघाला. इतकी वर्षं धुरापासून, धुळीपासून वाचलेला. खांद्याच्या उंचीवर एक स्वच्छ चौकोन. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

बाई मागून आल्या. "इथे काही लावायचं का, काका? चित्र वगैरे?"

"नको," वायरमन म्हणाले. "मोकळं बरं दिसतंय."

उघडायच्या दिवशी रांग लागली. रांगेत पहिले मास्तर. गळ्यात मफलर, हातात पिशवी. दुकान आक्का आणि दूधवाल्याची सून आळीपाळीनं सांभाळणार होत्या. त्या सकाळी फळीमागे आक्का होती. मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वर कमानीकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "साबण आहे का?"

आक्काच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आहे की मास्तर. अंगाचा की कपड्यांचा?"

मास्तरांनी दोन्ही घेतले. आणि मग उबेत जे बसले, ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

आठवड्यातून दोनदा डॉक्टर येऊ लागल्या. पूर्वी गुडघेदुखी अंगावर काढणारे लोक आता "जाता जाता दाखवतो" म्हणत आत डोकावू लागले. दूधवाल्याची सून दुकान बघताना तिची पोर मधल्या जागेत रांगायची, आणि जो कुणी मोकळा असेल तो तिच्यावर लक्ष ठेवायचा. दुपारी पत्त्यांचा डाव रंगायचा. वायरमन रोज सकाळी हजर. आधी म्हणाले, नवीन लाइन आहे, लक्ष ठेवायला हवं. मग ते कारण सांगायचंही त्यांनी सोडून दिलं. येणाऱ्या प्रत्येकावर मात्र ओरडत, "दार लावा मागे, ऊब काय फुकट येते?"

रविवारी सरकतं दार लावून पलीकडे उपासना होई. ठरल्याप्रमाणे तेवढा वेळ दुकान बंद. पण सवय लागायला वेळ लागतो. एका रविवारी पाळकसाहेब आले होते, गाणं अगदी रंगात आलं होतं, आणि दार किंचित सरकलं. गावात नवीनच राहायला आलेला एक तरुण बाप, केस विस्कटलेले, कडेवर तान्हं बाळ टाहो फोडतंय. समोर उपासना चाललेली पाहून त्याचा चेहरा पडला. "माफ करा," तो पुटपुटला, "दूध हवं होतं. नंतर येतो."

पाळकसाहेब गाता गाता थांबले. सुतारीण आजी थांबल्या नाहीत, त्यांना कळलंच नव्हतं. आक्का उठली, गाणं तोंडात तसंच ठेवून दुकानात गेली, फ्रीजमधून दूध काढलं, त्याच्या हातात दिलं, बाळाच्या गालाला बोट लावलं, आणि पुढची ओळ म्हणत जागेवर परत आली. बरोबर सुतारीण आजींच्या ओळीला येऊन मिळाली.

मागे मुलांच्या टेबलाशी पेपर वाचत बसलेल्या वायरमननी हे सगळं उघड्या दारातून पाहिलं. उपासना झाल्यावर ते म्हणाले, "आक्का, तुझ्या देवाला हे चालतं?"

"त्याला काय होतंय? लेकराला भूक लागली होती."

वायरमननी पेपरची घडी घातली. आपली बहीण आपल्याला जन्मापासून माहीत आहे, असं ते समजून चालले होते. गल्लीगल्ली टपाल वाटणारी, साधी, देवभोळी. आता पंच्याहत्तरी जवळ आल्यावर त्यांना वाटू लागलं, की गावात इतकी डोकी आहेत, पण देवाला नक्की काय हवं असेल हे या एकाच डोक्याला विचारावं.

थंडी पडली तशी आक्का आजारी पडली. छातीत कफ झाला. डॉक्टरांनी चर्चमधल्याच खोलीत तपासलं आणि सक्त ताकीद दिली, की बरं वाटेपर्यंत घरातून बाहेर पडायचं नाही. आक्काची चिंता वेगळीच. रविवारी पाळकसाहेब येणार नव्हते. सुतारीण आजींना वाचता येत नव्हतं, दूधवाल्याच्या आईला बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"तू वाच," ती भावाला म्हणाली.

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कुणी सांगितलंय? वाच म्हटलं. मीटरचं रीडिंग वाचत होतास तसं."

त्या रविवारी वायरमननी चष्मा पुसला, पुस्तक हातात धरलं आणि वाचलं. खरोखरच मीटरचं रीडिंग वाचावं तसं, एका सुरात, स्वल्पविरामाला न थांबता. तरी दूधवाल्याच्या आईनं मध्येच डोळे टिपले. सरकत्या दाराच्या अलीकडे लोक दुकान उघडायची वाट बघत थांबले होते. दार लावायचं वायरमन विसरले होते. मास्तर होते, तो तरुण बाप होता, त्याची बायको होती, पत्ते खेळणारे होते. वायरमनचा आवाज ऐकून त्यांनी आपसातलं बोलणं थांबवलं. कुणी टोपी काढली. गाण्याची वेळ आली तेव्हा वायरमनना चाल येईना, तर मास्तरांनी अलीकडून धरली.

दुपारी ते आक्काकडे गेले. ती उशीला टेकून बसली होती.

"कसं झालं?"

"झालं."

"गाणं?"

"तेही झालं. मास्तर बेसूर आहेत."

"किती जण होते?"

वायरमन विचारात पडले. "दाराच्या अलीकडचे पण धरायचे का? ते दुकानासाठी आले होते."

आक्कानं डोळे मिटले आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"धर की," ती म्हणाली. "आतच होते ना?"